रेघेवर कुटलेलं भरीत

पौषात आमच्याकडे कुणाच्या मळ्यात काय चाललंय ते नाकाला कळतं. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, धूर जड असतो. तो वर जात नाही, दादर ज्वारीच्या कणसांवरून घोंगडीसारखा पसरत राहतो. त्यात वांग्याची साल करपल्याचा वास मिसळला की समजायचं, कुणीतरी मळ्यात भरीत लावलंय, पाहुणे आलेत. यंदा तो वास आला तेव्हा मी बांधावर उभा होतो, आणि समोर माझ्या हरभऱ्यात लाल फडकं बांधलेली एक खुंटी होती. सकाळी ती नव्हती.

तेलवाले पुन्हा आले होते.

तेलवाले म्हणजे जमिनीखाली तेल, वायू आहे का ते बघत फिरणारी माणसं. आमचं गाव तापीकाठी, धुळे जिल्हा संपतो आणि जळगाव जिल्हा लागतो तिथलं. शिरपूरकडून एक रेघ निघते ती आमच्या शिवारातून पुढं चोपड्याकडे जाते. रेघ कागदावरची. पण ती सरळ असते, आणि वावरं काही सरळ नसतात, त्यामुळे ती कुणाच्या हरभऱ्यातून जाते, कुणाच्या केळीतून, कुणाच्या गोठ्यातून. तेल त्यांनी अजून गावात कुणाला दाखवलेलं नाही, तरी नाव तेलवालेच पडलं.

ते पहिल्यांदा आले त्या हिवाळ्यात कमल होती. कमल माझी बायको. मागच्या चैत्रात गेली. सकाळी म्हणाली छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, आणि धुळ्याचा रस्ता संपायच्या आत संपली. त्यावर अजून काय लिहायचं मला कळत नाही. लोक येऊन सांगून जातात, नाना, जाऊ द्या, मन दुसरीकडे लावा. दुसरीकडे म्हणजे कुठं ते कुणी सांगत नाही. पोरगा सुरतेहून आला, चार दिवस राहिला, तिची लुगडी, तिच्या औषधांच्या बाटल्या, तिनं जमवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं आवरून घर लख्ख करून गेला. त्याची काही चूक नाही. त्याला वाटलं बापाला त्रास नको. पण त्या लख्ख घरात मला चार दिवस वाट सापडेना.

फोटो आहेत. पोराच्या लग्नातला आहे, रेशनकार्डावरचा आहे. आवाज नाही. फोनवर बोललेलं कुणी धरून ठेवत नाही. आमच्या साध्या फोनात तर धरताही येत नाही.

म्हणून ती लाल खुंटी बघितली आणि माझ्या मनात पहिल्यांदा तेल आलंच नाही. मनात आलं, यांच्याकडे कमलचं कुटणं आहे.

त्याचं असं झालं होतं.

त्या वर्षी कापूस लवकर आटपला होता. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. तेलवाले आले ते ट्रॅक्टर, पाण्याचे टँकर, वायरींची भेंडोळी आणि पन्नासेक माणसं घेऊन. बरीचशी पिंपळनेरकडची, तिकडच्या पाड्यांवरची. त्यांनी रेघेवरचा काडीकचरा काढला, ढेकळं फोडली, जमीन थापून सपाट केली आणि त्यात लोखंडी टोकाच्या लहान लहान खुंट्या ठोकल्या. एकेका खुंटीला वायर. वायरी जाऊन जाऊन एका बंद गाडीत शिरत. दूर कुठं तरी जमिनीत खोल भोक पाडून त्यात सुरुंगाची दारू भरायची, वरून माती दाबायची आणि उडवायची. वर फार काही दिसायचं नाही. तळपायाला एक धप्प लागायचं, जशी पलीकडच्या खोलीत कुणी ज्वारीची गोणी टाकावी. तो दणका खाली जातो, प्रत्येक थराला थोडा थोडा आपटतो आणि परत वर येतो. परत आलेलं ते या खुंट्या ऐकतात. एवढं मला लाइनीवरच्या मुकादमानं, दिलीपनं, सांगितलं होतं. तोही पिंपळनेरचाच.

बठ्ठा, म्हणजे सगळा, गाव तेव्हा हसत होता. पारावर एकानं मला विचारलं, "नाना, तुम्हना वावरमां तेल निंघनं तं आम्हले वळखशात का?"

मी म्हटलं, "तुले मी आते बी वळखत नही."

कोपऱ्यावरच्या दुकानातले मारवाडी शेठ म्हणाले, "मी तर गोडेतेलाचा भाव कमी करत नाही हो, ते निघेपर्यंत."

मला हे लोक शेतात नकोच होते. हरभऱ्याला घाटे धरले होते. पण कमलचं माहेर रावेरकडचं. तिकडे एक रीत फार घट्ट. हिवाळ्यात जो तुमच्या मळ्यात पाय ठेवील, तो भरीत न खाता जाता कामा नये. मग तो सोयरा असो, तलाठी असो, नाही तर तुमच्या हरभऱ्यावरून वायर ओढणारा असो. मी म्हटलं, पन्नास माणसं आहेत. ती म्हणाली, "मंग वांगे जास्त लागतीन." झालं. तिनं मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

वांगी हिरवी, लांबोडकी, भावाकडून मागवलेली. पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात टाकली. साल फुटून पाणी सुटतं, चर्र करतं, मग आतून गोडसर वाफ येते. साल काढायला शेजारच्या दोघी आल्या. कुटायला मात्र कमल कुणाला हात लावू द्यायची नाही. तिच्याकडे माहेरची बडगी होती. बडगी म्हणजे लाकडाचं लांबट, उथळ भांडं, होडीसारखं. भरीत त्यात लाकडी मुसळीनं ठेचायचं. मिक्सरातलं भरीत म्हणजे चटणी, असं तिचं म्हणणं. बडगी हलू नये म्हणून सपाट, घट्ट जमीन लागते. शेतात अशी जागा शोधावी लागते. त्या दिवशी शोधावी लागली नाही. तेलवाल्यांनी साफ करून, थापून तयारच ठेवली होती. तिनं बडगी बरोबर त्यांच्या खुंट्यांच्या ओळीत मांडली, पदर खोचला आणि कुटायला बसली.

मी विहिरीवर होतो. तळपायाला धप्प लागलं, शॉट उडाला. थोड्या वेळानं दिलीप बांधावरून पळत येताना दिसला, हातात वॉकीटॉकी.

"अक्का, कुटणं थांबवा. गाडीतल्या साहेबांना खालचं काही दिसत नाही."

"मी वर कुटते न् तुमच्या साहेबाले खालचं दिसत नाही? डोये तपासाले सांगा त्याले."

"ते डोळ्यांनी नाही बघत अक्का. या खुंट्यांनी ऐकतात."

"मंग आयकू द्या. भरताचंच हाये, चोरीचं नाही."

दिलीप कपाळाला हात लावून हसत सुटला. वॉकीटॉकीतून साहेब काहीतरी ओरडत होता. दिलीपनं बटण दाबून सांगितलं, "सर, भरीत आहे, सर." पलीकडे नुसती खरखर झाली. मग आवाज आला, "किती वेळ लागेल?"

शॉट वाया गेला होता, तो पुन्हा घ्यायचा होता. कमलनं मुसळी बडगीत टेकवून ठेवली आणि हाताची घडी घालून बसली. मला ओरडून सांगितलं, "मोटर बंद करा हो, त्या लेकराईले आयकू द्या." मी मोटर बंद केली. पाट हळूहळू आटला. मजूर जिथल्या तिथं उकिडवे बसले. पुन्हा एक धप्प झालं. दिलीपनं अंगठा वर केला. तिनं मुसळी उचलली.

मग सगळे जेवले. गाडीतला साहेबही उतरून आला, मातीत मांडी घालून बसला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी भरीत खाल्लं, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत मिरची लागूनही पुन्हा घेतलं. कमल त्याला म्हणाली, "आता दिसलं का खालचं?" तो म्हणाला, "सगळं दिसलं, अक्का."

हे मी पुष्कळदा सांगितलंय. ती असताना हसत सांगायचो. आता सांगताना मधेच थांबतो, लोक समजूतदार तोंडं करतात, म्हणून सांगायचं सोडलं.

यंदा रेघ जुन्या रेघेच्या शेजारून होती. या खेपेला त्यांच्याबरोबर एक मॅडम होती. वर्ध्याकडची, माझ्या नातीहून आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. टोपी, बूट, पाठीवर पिशवी. पाणी प्यायला मळ्यात आली तेव्हा मी खाट टाकून दिली. तिनं सांगितलं, ती रेघा मारत नाही, वाचते. एरवी कचेरीत संगणकापुढे बसते. ज्या जमिनीचा कागद इतकी वर्षं वाचतेय ती जमीन एकदा पायाखालून बघावी म्हणून आली.

मी विचारलं, "मग काय वाचलं? आहे का तेल?"

ती लगेच हो किंवा नाही असं म्हणाली नाही. हे मला आवडलं. मी आजवर बघितलेली शिकलेली माणसं आधी उत्तर देतात, मग विचार करतात.

म्हणाली, "नाना, वर तुमचा तापीचा गाळ आहे. त्याच्याखाली काळा पाषाण. त्याच्या थरांवर थर. दणका त्या पाषाणात शिरला की विस्कटतो, नीट परत येत नाही. त्याच्याखाली जुने गाळाचे थर असावेत असं काही ठिकाणी दिसतं. दिसतं म्हणजे, मला वाटतं. माझ्या शेजारी बसणाऱ्याला नाही वाटत."

"आणि थर असले तर?"

"तरी तेल असेलच असं नाही. खाली शिजवणारी चूल पाहिजे. शिजलेलं मुरायला भांडं पाहिजे. आणि वर झाकण पाहिजे, नाही तर सगळं उडून जातं. तिन्ही एका जागी, आणि योग्य वेळी. एक जरी नसलं तरी मोकळं भांडं."

कमल असती तर तिनं जे विचारलं असतं ते मीच विचारलं. "झाकण घट्ट आहे का?"

ती हसली. "त्याच्यावरच कचेरीत भांडणं चाललीत. मी म्हणते आहे, ते म्हणतात तडा गेलाय. भोक पाडून बघितल्याशिवाय कुणाचं खरं ते कळायचं नाही. आणि भोक पाडायला इतका खर्च येतो की आधी कागद पन्नासदा वाचायचा."

तिनं पिशवीतून एक गुंडाळी काढली. बाहेर कुणाला दाखवत नाहीत म्हणाली, तुमच्या शेतापुरतं बघा. खाटेवर पसरली. काळ्या-पांढऱ्या रेघा, हजारो, नांगरटीसारख्या. मधून तिनं रंगीत पेन्सिलीनं ओढलेल्या वाटा. एक हिरवी वाट खाली खाली जाऊन पुन्हा उचलली होती, पाठीवर गोणी घेतलेल्या माणसासारखी. ती म्हणाली, असा उंचवटा असला तर तेल तिथं जमतं. वर कडेला लहान आकडे होते. त्यांतल्या एकावर तिनं बोट ठेवलं. "हे तुमचं शेत."

मी चष्मा लावला. त्या आकड्याखाली बघत राहिलो. सगळीकडे होतं तसंच तिथं होतं. स्वच्छ.

मी म्हटलं, "इथं माझी बायको पाहिजे."

तिला कळलं नाही. मग मी तिला भरताचं सांगितलं, बडगीचं, शॉट वाया गेल्याचं. ती ऐकत होती आणि हसत होती. शेवटी मी म्हटलं, ती आता नाही, तेव्हा तिचं हसू थांबलं. तिनं गुंडाळीवरचा हात काढून घेतला.

"नाना, यात त्या नसणार. वाया गेलेला शॉट आम्ही यात घेतच नाही. आणि घेतलेल्यातलंही माणसांचं चालणं, मोटारी, ट्रॅक्टर, वारा, सगळं काढून टाकतो. तेच काम आहे आमचं. वरचा गोंगाट काढला की मग खालचं वाचता येतं."

मी म्हटलं, "तुमचं काय असेल ते खाली असेल बाई. माझं सगळं वरच होतं."

जरा तोडूनच बोललो. तिचा काही दोष नव्हता. मी उठून गुरांना पाणी दाखवायला गेलो. परत आलो तर ती गेली होती, आणि तांब्या धुवून पालथा घालून ठेवलेला होता.

त्यानंतर काही दिवस मी रेघेकडे फिरकलो नाही. दुरून बघायचो. खुंट्या ठोकल्या जात, धप्प होई, खुंट्या उपटल्या जात. मधल्या काळात मी या वाचण्याचाच विचार करत होतो. ज्याच्यापर्यंत हात पोचत नाही त्याला दणका द्यायचा आणि काय परत येतं ते ऐकायचं. मीही तेच करतो. संध्याकाळी घरात शिरताना अजून दार मुद्दाम आपटतो. आधी आतून आवाज यायचा, "मोडा ते दार." आता दाराचाच आवाज भिंतीला लागून परत येतो. शेजारीण म्हणते नानाला कमी ऐकू येतं म्हणून दार आपटतो. म्हणू दे.

खरं सांगायचं तर माझ्या मनात रागही होता. तेल आहे की नाही यासाठी एवढी माणसं, एवढी यंत्रं, एवढा धीर. पन्नासदा वाचायचं, भांडायचं, पुन्हा येऊन पुन्हा ऐकायचं. आणि जे नक्की होतं, माझ्या डोळ्यांसमोर त्या सपाट जमिनीवर पदर खोचून बसलेलं होतं, ते गोंगाट म्हणून काढलेलं. पण मग वाटायचं, ती पोरगी तरी कुणाला फसवत नाही. नाही माहीत तर नाही माहीत म्हणते. धुळ्याच्या दवाखान्यात, ती वाटेतच गेलीय हे मला एवढं सरळ कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडम पुन्हा आली ती दुपारी. हरभरा उपटून झाला होता, मी घाटे वाळत घालत होतो. ती खाटेवर बसली, टोपी काढली. या वेळी गुंडाळी नव्हती.

"नाना, मी कचेरीत फोन केला होता. आमच्याकडे जुनं काही फेकत नाहीत. वाया गेलेला शॉटही फेकत नाहीत, नुसतं त्यावर खराब म्हणून लिहून ठेवतात. मी तो शोधायला सांगितला. काल रात्री माझ्याकडे आला, सकाळी उघडला."

मी हातातले घाटे खाली ठेवले.

"सहाच सेकंदांचा आहे," ती म्हणाली. "दणका उडाल्यापासून तेवढंच नोंदतात. कागद मला देता येणार नाही. आवाज म्हणून नीट ऐकवताही येणार नाही, नुसत्या रेघा आहेत. पण तुमच्या शेताच्या खुंट्यांवर ठोके दिसतात. खालचं सगळं झाकून टाकलंय त्यांनी. तुमच्या बाईंनी कुटलं मात्र जोरात."

"ती कशातच हळू नव्हती."

"कसे आहेत ते मी तुम्हाला सांगू शकते. किती वेळानं कोणता पडला ते मोजलंय मी."

तिनं खाटेच्या लाकडी दांड्यावर बोट टेकवलं. जरा डोळे मिटून आठवलं. मग बोटाच्या पेरानं वाजवलं. ठक. ठक. ठक. ठक. मग थांबली. मग एकच, अगदी हलका, ठिक.

"हे चार समजतात," ती म्हणाली. "सारख्या अंतराचे आहेत, एकाच हाताचे. पण हा शेवटचा काय ते लागत नाही. इतका बारीक आहे की आधी मी तो सोडूनच दिला होता. दुसरं कुणी होतं का शेजारी?"

तिनं वाजवलं होतं त्या जागी मी दांड्यावर हात ठेवला. तिनं घाई केली नाही. वाचणारी माणसं थांबू शकतात.

मी सांगितलं, वांग्याचा गर चिकट असतो, देठाचे धागे मुसळीला गुंडाळतात. चार ठोके झाले की कमल मुसळी उचलायची आणि बडगीच्या काठावर एकदा हलकेच आपटायची. चिकटलेलं खाली पडायचं. मग पुन्हा चार. आमच्या लग्नापासून तसंच. माझ्या आईनं एकदा विचारलं होतं, हे मधेच काय टिचकी मारतेस, तर म्हणाली, "आमच्याकडं असंच कुटतात." त्यांच्याकडं कुणी तसं कुटत नव्हतं. मी रावेरला बघितलं होतं. ते तिचंच होतं.

मॅडमनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तो ठोका पण त्यांचाच."

"तिचाच."

"तेलाच्या दृष्टीनं मात्र त्या शॉटमध्ये काही नाही, नाना. खराबच आहे तो."

"असू दे खराब," मी म्हटलं. "पुन्हा वाजव."

मी तिला अगं-तुगं केलं हे माझ्या नंतर लक्षात आलं. ती खाटेच्या कडेवर सरकून बसली. बोट टेकवलं. ठक, ठक, ठक, ठक. चौथा झाला, आणि मी त्या हलक्याची वाट बघत राहिलो.